शिक्षकाचा आवाज बसतो तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

सहावा तास चालू होता. फळ्यावर पानाची आकृती काढून झाली, मी वर्गाकडे वळले आणि 'प्रकाशसंश्लेषण' म्हणायला गेले. 'प्रकाश' एवढं बाहेर पडलं, पुढे नुसती हवा. मागच्या बाकांवर खसखस पिकली. पहिल्या बाकावरच्या मुलीने काही न बोलता आपली पाण्याची बाटली पुढे केली. दोन घोट घेतले आणि उरलेला तास फळ्यावर लिहून लिहून कसाबसा ओढला.

स्टाफरूममध्ये सल्ल्यांचा पाऊस पडला. कोमट पाण्याच्या गुळण्या करा. पोटातून आवाज काढा. जरा कमी बोला. एक ज्येष्ठ सहकारी मायेने म्हणाल्या, "होईल सवय, बाई." माझ्या घशाला काय झालं, याची चौकशी सगळ्यांनी केली. त्या दिवशी मला लागोपाठ सहा तास का लावले होते, हे मात्र कुणी विचारलं नाही. माझ्याही मनात तो प्रश्न आला नाही. तो यायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे.

अर्गोनॉमिक्स म्हणजे महागडी खुर्ची का?

काम माणसाला सोयीचं कसं होईल, हे पाहणाऱ्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात, आणि माझा प्रश्न त्याच शास्त्रातला आहे. हा शब्द बहुतेकांनी खुर्च्यांच्या जाहिरातीत वाचलेला असतो. त्यामुळे तो ऑफिसात संगणकापुढे बसणाऱ्यांसाठी आहे, शिक्षकाचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटतं. पण शब्द जुना आहे. वोयचेख यास्तझेंबोव्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये तो पहिल्यांदा वापरला. ग्रीक भाषेतल्या 'काम' आणि 'नियम' या दोन शब्दांची ती जोडणी आहे.

त्यामागचा विचार शिंप्याला विचारला तर तो एका वाक्यात सांगेल: कपडा अंगाला बेतायचा, अंग कपड्याला नाही. काम करताना माणसाला त्रास होत असेल, तर माणसाला सोसायला शिकवण्याआधी कामाची मांडणी तपासायची. या मांडणीत वस्तू येतात, जागा येते, आवाज आणि हवा येते, आणि वेळापत्रकही येतं. शिक्षकांच्या बाबतीत तर माझ्या मते वेळापत्रक सगळ्यात आधी येतं.

माध्यमिक शाळेचं काम जरा वेगळंच आहे. प्राथमिकच्या बाई बहुधा एकाच वर्गासोबत असतात. मध्येच मुलांना चित्र काढायला देतात, गोष्ट सांगतात, स्वतःही घडीभर टेकतात. माध्यमिकचा शिक्षक विषयाचा असतो. घंटा झाली की खोली बदलते, चाळीस नवे चेहरे समोर येतात, आवाज पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो. सुताराच्या अवजाराला धार लावायला वेळ ठेवलेला असतो. शिक्षकाचं मुख्य अवजार घशात असतं, त्याच्यासाठी तसा वेळ कुणी धरतच नाही.

घशात नेमकं काय होतं?

स्वरयंत्रात दोन नाजूक पडदे असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. बोलताना फुप्फुसातली हवा त्यांच्यामधून जाते आणि ते एकमेकांवर आपटत कंप पावतात. साध्या बोलण्यात पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १०० ते १२५ वेळा आपटतात, स्त्रीचे सुमारे २०० वेळा.

आता हिशेब मांडू. चाळीस मिनिटांचे पाच तास म्हणजे २०० मिनिटं. त्यातला थोडा वेळ लिहिण्यात जातो, थोडा ऐकण्यात, थोडा श्वास घेण्यात. प्रत्यक्ष कंपन फक्त पाव वेळ चाललं असं धरलं तरी ५० मिनिटं, म्हणजे ३००० सेकंद होतात. सेकंदाला २०० प्रमाणे एका दिवसात सहा लाख आघात. सहा लाख टाळ्या वाजवल्यावर तळहातांचं काय होईल, याची कल्पना करून पाहा. स्त्री शिक्षकांमध्ये आवाजाच्या तक्रारी जास्त आढळतात, त्याचं एक कारण या आकड्यातच आहे.

आवाज चढवला की आघात नुसते होत नाहीत, ते जोरात होतात. कुदळ मारणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात, तशाच स्वरतंतूंवर बारीक गाठी येऊ शकतात. मग ते नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो. घोगऱ्या आवाजाला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की गाठ आणखी घट्ट होते.

अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा या राज्यांत हजाराहून अधिक शिक्षक आणि तेवढेच इतर लोक घेऊन केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणीच्या वेळी आवाजाची तक्रार असलेले शिक्षक ११ टक्के होते, इतरांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होतं. आयुष्यात कधी ना कधी असा त्रास झालेले शिक्षक जवळपास ५८ टक्के, आणि इतर लोक २९ टक्के. बरोबर दुप्पट. हा दोष एकेकाच्या नाजूक घशाचा असता, तर तो एकाच पेशात इतका गोळा झाला नसता.

पोलंडमध्ये तर आवाजावर दीर्घकाळ ताण पडून होणारे ठरावीक विकार कायद्याने 'व्यवसायजन्य आजार' मानले जातात. अट अशी, की ते काम किमान पंधरा वर्षं केलेलं असावं. खाणकामगाराच्या फुप्फुसाला जी मान्यता मिळते, ती तिथे शिक्षकाच्या घशालाही आहे. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

खोली शिक्षकाला ओरडायला लावते

एक मीटरवरून बोलताना आपला आवाज साधारण ६० डेसिबल भरतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की तो सहा डेसिबलने उतरतो. दोन मीटरवर ५४, चारवर ४८, आठवर ४२. वर्गात भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे घट थोडी कमी असते, तरी शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत शब्दाचा दम गेलेला असतो. त्यात पंखा, शेजारचा वर्ग, बाक सरकवणं, रस्त्यावरचे भोंगे. मुलांना शब्द नीट कळायचा तर तो या गोंगाटाच्या किमान पंधरा डेसिबल वर हवा, असं मानलं जातं. गोंगाट ५० चा असेल, तर शिक्षकाने काय करायचं? ओरडायचं.

आणि तो ओरडतो हे त्याच्या लक्षातही येत नाही. भोवतालचा आवाज वाढला की माणूस आपोआप आवाज चढवतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९११ मध्ये हे दाखवून दिलं, म्हणून या सवयीला लोम्बार परिणाम म्हणतात. लग्नाच्या हॉलमध्ये शेजारच्याशी बोलतानाही आपण ओरडतो ना, तेच. वर्गात तर हा खेळ दोन्हीकडून चालतो. बाईंचा आवाज चढला की कुजबुजणारी मुलंही आवाज चढवतात.

दुसरी गोष्ट आवाज घुमण्याची. रिकाम्या वर्गात उभं राहून एक टाळी वाजवा. तिचा नाद लगेच विरला तर खोली चांगली. तो छताशी रेंगाळत राहिला, तर प्रत्येक शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडतंय असं समजा. गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंती, उघडी फरशी आणि उंच छत असलेल्या खोल्यांत हे हटकून होतं. अमेरिकेत वर्गखोल्यांच्या आवाजाचं एक मानक २००२ मध्ये तयार झालं. त्यानुसार नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गात गोंगाट ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा आणि नाद विरायला ०.६ सेकंदापेक्षा जास्त वेळ लागू नये.

हे सुधारायला इमारत पाडावी लागत नाही. मागच्या भिंतीवर मऊ कापडाचा जाड सूचनाफलक, बाकांच्या पायांना रबरी टोप्या, कुरकुरणाऱ्या पंख्याची दुरुस्ती, दारं नीट बंद होणं, एवढ्यानेही फरक पडतो. शिवाय शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलायचं टाळलं आणि महत्त्वाचं वाक्य वर्गाच्या मधोमध उभं राहून सांगितलं, तर आठ मीटरचं अंतर चारवर येतं.

आणि माइक? कमरेला लावायच्या छोट्या ध्वनिवर्धकाबद्दल अनेक शिक्षकांना संकोच वाटतो. 'मला माइक लागतो' म्हणजे आपण कमी पडलो, असं त्यांना वाटतं. पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आवाजाचा त्रास असलेल्या शिक्षकांचे गट पाडले होते. काहींना ध्वनिवर्धक दिला, काहींना घशाची निगा कशी राखावी हे शिकवलं. ध्वनिवर्धक वापरणाऱ्यांचा त्रास स्पष्टपणे कमी झाला. नुसता उपदेश मिळालेल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही.

पाणी प्या, पण कधी?

घशाच्या प्रत्येक डॉक्टरचा पहिला सल्ला असतो, भरपूर पाणी प्या. सल्ला योग्यच आहे, कारण ओलसर स्वरतंतूंवर घर्षण कमी होतं. पण हा सल्ला शाळेत पाळून पाहा.

पाणी प्यायलं की स्वच्छतागृहात जावं लागतं. दोन तासांच्या मध्ये पाच मिनिटंही नसतात. घंटा झाली की एका वर्गातून निघून दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचायचं. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहापाशी रांग, नाहीतर मैदानावर देखरेख. चाळीस मुलांचा वर्ग एकटा सोडून जाता येत नाही. मग शिक्षिका काय करतात? पाणीच पीत नाहीत. मीही हेच केलं. सकाळी घरून निघताना घोटभर, थेट घरी आल्यावर तांब्याभर. बाटली टेबलावर असायची, झाकण मात्र उघडलं जायचं नाही.

शिक्षिकांवर झालेल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून कामावर मुद्दाम कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांना मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याचा धोका हवं तेवढं पाणी पिणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होता.

म्हणजे घसा सुकतो आणि मूत्रमार्गाला संसर्ग होतो, आणि दोन्हींचं मूळ एकाच कागदावर असतं. तो कागद म्हणजे स्टाफरूमच्या भिंतीवर डकवलेलं वेळापत्रक. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या हातात येतात, पण कुणालाच त्या भिंतीकडे बघायचं सुचत नाही.

तेवढेच पाच तास दोन पद्धतींनी लावता येतात. एक पद्धत म्हणजे सलग पाच. दुसरी म्हणजे दोन तास, मग एक मोकळा, पुन्हा दोन, एक मोकळा आणि शेवटी एक. शिकवण्याचं काम एका मिनिटानेही कमी झालेलं नाही, पण घशाला दोनदा उसंत मिळाली आणि पाणी प्यायची सोय झाली. अट एकच, मोकळा तास खरोखर मोकळा राहायला हवा. बहुतेक शाळांत मोकळा तास म्हणजे रिकामा माणूस असं गणित असतं. कुणी रजेवर गेलं की बदली तास त्याच्याच माथी येतो.

पाय, खांदा, मान

बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन डॉक्टरने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. उभ्याने काम करणाऱ्यांच्या पायांच्या शिरा फुगतात, हे त्याने तेव्हाच नोंदवलं होतं. पोटरीचा स्नायू हलला की पंपासारखं रक्त वर ढकलतो. एका जागी उभं राहिलं की हा पंप थांबतो आणि पाय भरून येतात. म्हणून उभं राहण्यापेक्षा फिरणं बरं, आणि मधूनमधून टेकणं त्याहून बरं. वर्गात एक उंच स्टूल असलं की अर्धं बसून शिकवता येतं. 'शिक्षकाने बसून शिकवू नये' हा संकेत कुठल्याही शरीरशास्त्रात लिहिलेला नाही.

फळ्यावर खांद्याच्या वर लिहिताना हाताचं वजन, म्हणजे साधारण तीन किलो, खांद्याचा स्नायू अधांतरी तोलून धरतो. ताणलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, म्हणून फळा भरत आला की खांदा दुखून येतो. छातीच्या उंचीवर लिहावं, भरलं की पुसावं. फळा उंच लावलेला असेल तर तो खाली घ्यायला लावावा, टाचा उंचावत बसू नये.

मानेचं दुखणं पेपर तपासताना सुरू होतं. डोक्याचं वजन चार ते पाच किलो असतं. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर पेलते, हात लांब करून धरली तर दोन मिनिटांत खांदे ओरडतात. वाकवलेली मान म्हणजे लांब धरलेली बादलीच. जुन्या काळच्या कारकुनी मेजाचा माथा उतरता असे, तो शोभेसाठी नव्हता. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला दोन जाड पुस्तकं ठेवून त्यावर एक फळी तिरकी टेकवली, तरी उत्तरपत्रिका नजरेच्या जवळ येते. रामाझ्झिनीने आपल्या ग्रंथाच्या १७१३ सालच्या आवृत्तीत लेखनिकांच्या त्रासाची तीन कारणं सांगितली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. परीक्षेच्या दिवसांत कुठल्याही स्टाफरूममध्ये डोकावलं तर तिन्ही कारणं एकाच टेबलावर दिसतील.

"पाच तास तर शिकवायचं असतं!"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, म्हणून त्याला आकड्यानेच उत्तर देते. एका विषयाचे पाच वर्ग, प्रत्येकी चाळीस मुलं. उत्तरपत्रिका झाल्या २००. एकीला सहा मिनिटं दिली तरी १२०० मिनिटं, म्हणजे घड्याळाचे वीस तास. ही फक्त एका परीक्षेची एक फेरी.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने अनेक देशांतल्या शिक्षकांची २०१३ मध्ये पाहणी केली होती. त्यात माध्यमिकच्या खालच्या वर्गांना शिकवणाऱ्यांनी सांगितलेले आठवड्याचे कामाचे तास सरासरी ३८ होते. त्यातले प्रत्यक्ष शिकवण्याचे तास १९. उरलेला निम्मा वेळ पाठाची तयारी, तपासणी, नोंदी, बैठका आणि पालकांशी बोलणं यात गेला. बाहेरून वर्गातला अर्धाच दिसतो, दुसरा अर्धा घरच्या टेबलावर, घरचे झोपल्यावर संपतो.

हे जगाला माहीत नाही असंही नाही. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ५ ऑक्टोबर १९६६ रोजी शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारस स्वीकारली. शिकवण्याचे तास ठरवताना मुलांची संख्या, तयारी आणि तपासणीला लागणारा वेळ, आणि दिवसात किती वेगवेगळे पाठ घ्यावे लागतात हे विचारात घ्या, असं त्यात लिहिलेलं आहे. जागतिक शिक्षक दिन त्याच तारखेला साजरा होतो. त्या दिवशी फुलं मिळतात. त्या शिफारशीतलं हे कलम वाचून दाखवलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

"सुट्ट्या मिळतात की! आणि पूर्वीचे शिक्षक कुठे तक्रार करायचे?"

सुट्ट्या मिळतात, आणि त्या हव्यातच. पण महिनाभर झोपून पुढच्या वर्षभराची झोप साठवता येत नाही. घट्टा रोजच्या घर्षणाने पडतो, त्यामुळे विश्रांतीही रोजच्या रोज लागते.

मनाचंही तसंच. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरसेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र मला इथे फार पटतं. नुसतं काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही. काम जास्त आणि त्यावर आपला ताबा कमी, ही जोडी त्याला मोडते. कुठला वर्ग, कुठला तास, कुठली खोली, कुठली नोंदवही, यातलं काहीही शिक्षक स्वतः ठरवत नाही, निकालाची जबाबदारी मात्र पूर्ण त्याची. कामामुळे पार थकून जाणं, कामापासून मन उडणं आणि 'आपल्याच्याने काही होत नाही' असं वाटू लागणं, या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात तिची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे.

राहिला प्रश्न पूर्वीच्या शिक्षकांचा. त्यांचेही आवाज बसत होते. आपल्या आठवणीतले कितीतरी सर घोगऱ्या आवाजाचे होते, कितीतरी बाई दर दोन वाक्यांनी खाकरायच्या. आपण ती त्यांची लकब समजलो आणि त्यांच्या नकला केल्या.

"खर्च कोण करणार?"

वर आलेल्या गोष्टींपैकी तासांची फेरमांडणी, बदली तासांची समान वाटणी आणि दोन घंटांमध्ये पाच मिनिटांचं अंतर, यांना कागद-पेन्सिलीपलीकडे खर्च नाही. रबरी टोप्या, कापडी फलक आणि स्टूल किरकोळ खर्चात येतात. ध्वनिवर्धक मध्यम. छताला आवाज शोषणारं आवरण घालणं महाग आहे, आणि ते नव्या इमारतीच्या आराखड्यातच धरलेलं बरं. सुरुवात स्वस्तातल्या गोष्टींपासून करायची, आणि योगायोगाने परिणामही त्यांचाच मोठा आहे.

तुम्ही शिक्षक असाल तर एक आठवडा एवढंच करा. वहीच्या मागच्या पानावर रोज चार गोष्टी लिहा: सलग किती तास बोलावं लागलं, शाळेत किती वेळा पाणी प्यायलं, कितव्या तासाला आवाज फाटला, आणि मोकळे तास किती होते व त्यातले किती खरोखर मोकळे राहिले. सहकाऱ्यांनाही लिहायला सांगा. आठ-दहा जणांची पानं शेजारी शेजारी ठेवली की आवाज कुठे फाटतो ते दिसेल. बहुधा तो सगळ्यांचा आठवड्यातल्या त्याच एक-दोन ठिकाणी फाटत असतो. ती पानं घेऊन मुख्याध्यापकांकडे जा, आणि पुढच्या सत्राचं वेळापत्रक बनायच्या आधी जा. एकदा ते भिंतीवर लागलं की सहा महिने हलत नाही.